गळतं कुठून

नटबर केंद्रपाड्याला गेलाय, बहिणीच्या लग्नाला.
फोनवर मागे बकरी, जनरेटर, आणि त्याचा आवाज:
"मॅडम, पहले वॉल बंद करो."
भिंत कशी बंद करायची?
व्हॉल्व्ह म्हणतोय हे कळायला दोन मिनिटं गेली,
तो सापडायला अर्धा तास.
चुनाभट्टीच्या या घरात बावीस वर्षं झाली,
झाडूच्या मागे होता, गंजलेला,
एकदाही हात न लागलेला.

खालच्या मजल्यावर उकिडवे राहतात.
त्यांच्या छताला ओल. आधी बशीएवढी, आता परातीएवढी.
मीटिंगमध्ये फोटो फिरला
आणि पाचव्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी
फोटोकडे न बघता माझ्याकडे बघितलं.
तेव्हापासून अकरा महिने
उकिडवेबाई आणि मी लिफ्टमध्ये आकडे वाचतो.
आता त्यांनी बघायला हवं होतं:
बेसिनखाली मी. उकिडवी.

नट फिरेना.
तेल सोडलं, थांबले, एक शिवी दिली
(पाठ होती, हे माहीत नव्हतं),
मग फिरला.
आतला वॉशर काळा, चपटा, एका कडेने खाल्लेला.
रुमालात बांधून नेला, दुधाच्या दातासारखा,
धनजी गालांच्या दुकानात.
"अर्धा का पाऊण?"
"नाही माहीत."
"म्हणून तर नमुना आणायचा," ते खूश झाले,
आणि सगळ्यात खालचा डबा काढला.
चार रुपये.
कंत्राटदार म्हणाला होता, अख्खं बाथरूम फोडायचं,
अडतीस हजार, टाइल्स वेगळ्या.

टेफलॉनची टेप मी उलटी गुंडाळली.
पहाटे पाच वीसला पाणी सुटलं,
व्हॉल्व्ह उघडला
आणि सांध्यातून एक बारीक, सरळ धार
थेट चष्म्यावर.
नटबर जागाच होता, तिकडे हळदीची गडबड.
"मॅडम, मंदिर में कैसे घूमते हो?"
प्रदक्षिणा! देव उजव्या हाताला ठेवून.
आटे आपल्याकडे धरायचे,
घड्याळाच्या काट्यासोबत जायचं, ताणून, सहा फेरे.
मग नट चढतो तशी टेप आवळत जाते.
उलटी गेली की नटच तिला सोडवून टाकतो.
चाळीस वर्षं देवळात फिरले,
उपयोग आज झाला.

सांध्यावर वर्तमानपत्राचा कपटा फिरवला. कोरडा.
पुन्हा फिरवला, उगाच, आनंदाने.
आठ दिवस गेले. खालची ओल तशीच,
हे मला वॉचमनकडून कळलं.

मग नीळ.
बादलीभर पाण्यात अर्धी बाटली,
बाथरूमच्या जाळीत ओतली,
चपला सरकवल्या, एक मजला उतरले.
बेल दाबताना बोटं निळी.
"तुमचं छत बघायचंय," म्हटलं.
"निळं झालं तर गळती माझी."
बाईंनी आधी बोटं बघितली, मग दाराची साखळी काढली.

पलंगावर बसलो दोघी, माना वर करून.
खाली पातेलं ठेवलेलं,
त्यात थेंब पडला की दोघी वाकून बघायचो.
त्यांना ती ओल कोकणाच्या नकाशासारखी वाटते,
"हे बघा, इथे आमचं गुहागर."
मला भाजताना करपलेला पापड दिसत होता, पण बोलले नाही.
त्यांची मान दुखायला लागली, चहा झाला,
माझी मान दुखायला लागली, पुन्हा चहा.
दीड तास.
पातेल्यातलं पाणी स्वच्छ. पांढरं. एक ठिपका निळा नाही.

"म्हणजे तुमचं नाही," त्या म्हणाल्या,
आणि जरा हिरमुसल्यासारख्या वाटल्या.
मीही.
इतकी मेहनत करून निर्दोष निघायचं म्हणजे.

मग त्यांनी वर बघितलं,
ओलीच्याही वर, माझ्या घराच्याही वर.
"ती नीळ," त्या म्हणाल्या, "उरलीय का?"
बाटली माझ्या हातातच होती.
हलवून पाहिली.
पाचव्या मजल्यापुरती होती.