मोकळा केलेला पत्ता

भुसावळ, रात्रीचे अडीच.
हेडफोनात धडगावची पावरी,
नि बंद करताना प्रोग्राम कोसळतो.
दहादा नाही. अकराव्यांदा.

लॉगमध्ये एक पत्ता,
जिथं आता कुणी राहत नाही:
बफर मी मोकळा केला,
दुसरा थ्रेड अजून तिथूनच
सूर उचलत होता.

सुपडूमामा यार्डातून आले.
बूट सोडता सोडता ऐकलं सगळं.
"म्हंजे गाडी जातेय,
नि तू रूळ उचलला."
मग कळण्याची भाकरी, ठेचा,
पुन्हा काही बोलले नाहीत.

दोन ओळींची अदलाबदल:
आधी थांबव, मग सोड.
दोनशे वेळा चालवलं,
पावरी दोनशे वेळा
नीट थांबली.

त्यानंतर मात्र
थांबवावीशी वाटेना.