एकतीस मार्चच्या आधी

सहा हजार दोनशे रुपये आलेत,
दहावीच्या मुलांना अर्थशास्त्राची ओळख व्हावी म्हणून.
एकतीस मार्चच्या आत खर्च झाले नाहीत तर परत जातील.
गायधनी सर म्हणाले, बाई, कुठलीही पुस्तकं घ्या,
पावती तेवढी पक्की आणा.

मेन रोडवरच्या दुकानातून पाच नमुने उचलले.
जेलरोडपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन बसले,
तेव्हाच वाटलं,
सगळ्यात जाड पुस्तकात सगळ्यात कमी माणसं असणार.

पहिल्यात एक बेट आहे. बेटावर दोघे.
एकाकडे मासे, दुसऱ्याकडे नारळ.
दोघांनाही आई नाही, उधारी नाही,
कोणत्या लग्नात किती आहेर आला त्याची वही नाही.
सौदा अर्थातच झटपट जमतो.

दुसऱ्यात जिथेतिथे सफरचंदं.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : द्राक्षं.
मग खोडलं.
द्राक्षं म्हटली की सांगावं लागेल,
एकाच वेलीवरचा एक घड कागदात निजून समुद्रापार का जातो
आणि त्याच वेलीचे गळालेले मणी
संध्याकाळी बिटको चौकातल्या हातगाडीवर का येतात.
सफरचंदाला असलं कुणी विचारत नाही.

तिसरं भाषांतर आहे.
त्यात उपभोक्ता सकाळी उठतो
आणि विवेकशीलपणे चहाची निवड करतो.
मी चहा ठेवला. दूध नासलं होतं.

चौथं मला आवडत आलं होतं.
पान बावन्नवर एका कुटुंबाचं अंदाजपत्रक :
वडील, नोकरी. आजोबा, निवृत्तिवेतन.
आई, काही करत नाही.
मिटवून ठेवलं.

पाचवं बारीक, पाठकोऱ्या कागदासारख्या पानांचं.
प्रश्न आहेत, मागे उत्तरं नाहीत.
छापायची राहिली की दिलीच नाहीत, कळत नाही.

ते तिघांना फिरवून वाचायला दिलं, आठवडाभर.

हर्षदा खैरनार म्हणाली,
घटती उपयोगिता कळली, बाई.
पहिली मिसळ, दुसरी मिसळ, तिसरीला नको वाटतं.
पण त्यांनी लिहिलंय, तर्री फुकट.
फुकट कुणाला?
पप्पा साडेतीनला उठतात तिच्यासाठी.

तन्मय भामरे उभा राहिला, बराच वेळ नुसताच.
मग म्हणाला, आजोबा नोटांच्या छापखान्यात होते,
चौतीस वर्षं.
रोज सुटताना गेटवर झडती द्यायचे आणि घरी यायचे.
इथे लिहिलंय, पैसा म्हणजे विश्वास.
मग झडती कशाला?

वर्ग माझ्याकडे बघत होता.
मी फळ्याकडे वळले, खडू घेतला,
तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

मुजम्मिल अत्तारनं धडा वाचलाच नव्हता.
त्यानं मागचं किमतीचं स्टिकर
तासभर नखानं सोललं होतं.
वर एकशे पंचाण्णव.
खाली, छापलेले, एकशे पंचावन्न.

ठरलं मग. हेच.
रात्री हिशेब मांडला :
छापील दरानं बरोबर चाळीस प्रती. मुलंही चाळीस.
स्टिकरच्या दरानं एकतीस,
आणि नऊ जण दुसऱ्याच्या पुस्तकात डोकावणारे.
डोकावणं वाईटच असं नाही,
मी स्वतः तशीच शिकले, कुसुम आहेरच्या बाकावर,
ती पान उलटेल तेव्हा उलटायचं,
तिनं उलटलं नाही तर थांबायचं.
अजून मी हळू वाचते.

उद्या तीस तारीख.
दुकान साडेदहाला उघडतं.
सोललेली प्रत पिशवीत घातली आहे.
काउंटरवर उलटी ठेवीन, बोट ठेवीन त्या आकड्यावर.
तो कागदाचे भाव सांगेल, गाडीभाडं सांगेल,
खरंही असेल त्याचं.

मुजम्मिल विचारत होता, मी येऊ का.
ये म्हटलं.