उचलली जीभ

लोक सहज म्हणतात, उचलली जीभ लावली टाळ्याला.
या खोलीत ती म्हण मी कुणाला वापरू देत नाही.
पौड फाटा, दुसरा मजला, खाली सायकलींचं दुकान.
दिवसभर तिथं कुणीतरी हवा भरत असतं
आणि वर आम्ही जीभ उचलतो.
टाळ्यापर्यंत पोचायला
कधी कधी पावणेदोन महिने लागतात.

खळदकर. चौतीस वर्षं पीएमटीत कंडक्टर.
फेब्रुवारीत मेंदूत डावीकडे झटका.
उजवा हात परत आला, कुरकुरत, उधारी द्यायला आल्यासारखा.
बोलणं आलं नाही.
मुलगा विचारतो, तोंडावरून वारं गेलंय का?
नाही. बघा, पेरूची बी दातातून जीभ बरोबर हुडकून काढते.
गरम चहावर ओठ आपसूक फुंकर घालतात.
"फुंकर घाला" म्हटलं, की तेच ओठ
एकमेकांकडे बघत बसतात.
शब्द आहे. अर्थ आहे.
शब्दापासून तोंडापर्यंतचा रस्ता मात्र
रात्रीतून कुणी खणून ठेवलाय,
पुण्यातल्या रीतीप्रमाणे, पाटी न लावता.

मी फॉर्म भरते.
प प प. जमलं. त त त. जमलं. क क क.
आता सलग, पतक पतक.
पतप. त... कत. प.
अंधारात कुलपाचं भोक शोधावं तशी जीभ.
"यमुना म्हणा." यमुनाबाई समोरच बसलेल्या.
नुमा. युम. मुया.
तीन प्रयत्न, तीन चुका, एकीचं दुसरीशी नातं नाही.
आणि मग वैतागून, स्वच्छ, खणखणीत,
एक शिवी.
यमुनाबाई पदर सावरतात.
मी लिहिते: आपोआप येणारं बोलणं शाबूत.

साडेचारला ऋग्वेद येतो. वय सव्वाचार.
आजोबांनी हौसेनं ठेवलेलं नाव,
त्याला स्वतःला "ए" एवढंच येतं.
त्याला झटका नाही, ताप नाही, काही पडलं-झडलं नाही.
वेखंड उगाळून झालं. मध झाला.
"बापही उशिराच बोलला होता" हेही दोन वर्षं ऐकून झालं.
पाडव्याला एकदा तो "पाणी" म्हणाला, अगदी स्पष्ट.
घरात तीन तांबे धावले.
तो शब्द पुन्हा कधी आला नाही.
आई अजून तांब्या हाताशी ठेवते.

तिला वाटतं मी आधी "आई" शिकवीन.
मी "नको" घेते.
ज्याला नको म्हणता येत नाही तो चावतो,
तिच्या मनगटावर खुणा आहेत.
आरसा. माझं बोट त्याच्या हनुवटीखाली.
माझ्या तोंडाकडे बघ. आधी दोघं मिळून, हळू, ताणून:
न... को.
मग माझा आवाज काढून घेते, फक्त ओठ हलवते.
मग तेही नाही.
एका तासात शंभर वेळा. तेच. तसंच.
पाचव्या आठवड्यात त्यानं माझं बोट ढकललं
आणि म्हणाला, "नको."
आरसा पालथा ठेवून आम्ही त्या दिवशी लवकर सुटलो.

खळदकरांना ताल लागतो.
डाव्या हातानं टेबलावर दोन टिचक्या, डबल बेल.
स्वारगेट, टिळक रोड, अलका, डेक्कन,
गरवारे, नळ स्टॉप, धडाधड.
"थांबा. नुसतं नळ स्टॉप म्हणा."
काही नाही. घाम.
त्यांना परत स्वारगेटपासून यावं लागतं, दर वेळी,
एका स्टॉपसाठी अख्खी फेरी.
मीही बसते त्या गाडीत. घाई नाही.

काल विचारलं, नळ स्टॉपनंतर?
पौड फाटा त्यांना पाठ आहे.
पण त्यांनी समोर बघितलं. टिचकी. टिचकी.
य.
ओठ मिटले, उघडले, परत मिटले.
य. मु.
खाली कुणीतरी पंप मारत होतं.
तिसरं अक्षर आलं नाही.
यमुनाबाई मात्र पिशवी उचलून उभ्या राहिल्या होत्या,
आपला स्टॉप आल्यावर उभं राहतात तशा.