कोरी

र्‍योत्सूच्या धक्क्यावर बोट लागते,
त्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीचं एवढंच दुकान उरलंय.
माझं. होम्मा इवाओ.
टीव्ही आता कुणी आणत नाही.
बिस्किटांच्या डब्यांतून चकत्या येतात.

तेप्पेई, माझा नातू, विचारतो : एवढे प्रकार कशाला?
म्हटलं, पालथी कर, उजेडात धर.
ही मोरचुदी झाकेची, उन्हाला भिते.
ही निळीच्या पाण्यातून काढल्यासारखी.
ही लिंबाच्या सालीइतकी फिकट,
दिसायला अशक्त, पण तिघींत चिवट.
तिघींवरचं लेखन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,
किरणानं रंग एकदा भाजला की भाजला.

ही राखाडी मात्र वेगळी.
हिच्यात रंग नाही, धातूंचं मिश्रण आहे.
तापवून झटकन निववलं की विस्कटतं,
बेतानं तापवलं की परत रांगेत बसतं.
पाटीच ती. हजारदा पुसा, असं वेष्टनावर छापलंय.
मी अकरा वेळा पुसली, बाराव्याला तिनं मान टाकली.

आणि ते उणे-अधिक?
ते दोन घराण्यांचं भांडण रे.
एकानं नावापुढे वजाची रेघ ओढली,
दुसऱ्यानं अधिकाची फुली.
मी दोन्ही मांडवांत जेवलो,
दोन्ही फळीवर ठेवल्या.

मंगळवारी चियोनोसान आली.
रुमालात तळहाताएवढी चकती.
तोकुजी कामो सरोवरात कालवांचे तराफे सांभाळायचा,
कॅमेरा गळ्यात असायचा. तो त्याच पाण्यात गेला,
तोकुजी पुढं तीन वर्षांनी, इस्पितळात.
"यंत्र म्हणतं कोरी आहे. फेकू का?"

मी चकती तिरपी केली.
मधल्या भोकाभोवती
बोटभर रुंदीचं गडद कडं.
लिहिणं मधून बाहेर सरकत जातं,
जात्यातलं पीठ जसं कडेला येतं.
"कोरी नाही. कोरलेली आहे.
दार तेवढं लावायचं राहिलंय."

माझ्या जुन्या संगणकानं कुरकुरत वाचली.
वारा. दोर. भिंगावर आलेला अंगठा.
मग कुणीतरी, बहुतेक तीच,
"पुरे आता, जेवायला चल."

म्हटलं, दार लावून देतो,
मग कुठल्याही यंत्रात दिसेल.
मात्र नंतर काही भरता येणार नाही.
"किती जागा आहे अजून?"
अठरा मिनिटं.

बाहेर बोटीनं भोंगा दिला.
ती बोलली नाही. मीही स्क्रूड्रायव्हर उगाच पुसत राहिलो.
"नको लावू," म्हणाली.

मी एक नक्कल काढली, तिचं दार लावलं,
पेननं तारीख घातली. ती गल्ल्यापाशीच राहिली.
मूळची पुन्हा रुमालात गेली,
अठरा मिनिटांसकट.

रात्री तेप्पेईनं विचारलं,
आजोबा, ती उणे होती की अधिक?

बघायचं राहूनच गेलं.