बाकी

तांडापेठेत, मे महिन्यात, रात्री दहाला
कुलरच्या ओल्या गवताचा वास अंगावर घेत
मी माझा पहिला खेळ लिहिला.
काळा पडदा, पांढरी अक्षरं, तीन घरं.
एंटर दाबलं की मशीन कुठूनतरी एक आकडा उचलणार,
एवढा मोठा की त्याचं काहीच करता येऊ नये.
त्याला पाचाने भागायचं
आणि भागाकार सोडून द्यायचा.
हवी ती फक्त बाकी.

"बाकी?" बाबांनी कूस बदलली.
हा शब्द आमच्या घरात
किराणावाल्याच्या वहीतून यायचा.

बाकी शून्य आली तर संत्रं.
एक आली तर घुबड.
दोनला कुलर, कारण तो समोरच होता.
तीनला काही सुचेना,
तिथे नुसती मोकळी अवतरणचिन्हं ठेवली.
चारला रेल्वे.
पडद्याला देवनागरी येत नव्हती, नुसते चौकोन उमटायचे,
म्हणून सगळ्यांना इंग्रजी अक्षरं घातली.

"शून्यापासून मोजते का हे?"
हाव, बाबा.
"हुशार आहे. आम्ही एकापासून मोजत होतो,
दरवेळी एकानंच चुकत होतो."
ते हसले. स्वयंपाकघरात आई हसली नाही.

ती वही मी पाहिली आहे.
माग विकल्यानंतरची चार वर्षं,
डाव्या बाजूला स्वप्न, उजव्या बाजूला आकडा.
साप दिसला, सात. विहीर दिसली, दोन.
मेलेला माणूस बोलला तर नऊ,
न बोलता नुसता उभा राहिला तर शून्य.
सकाळी चहा व्हायच्या आत
नंदनवारच्या पानठेल्यावर ती स्वप्नं
दहा-दहा रुपयांनी लागायची.
आजोबा दिसले होते ते एक, पन्नासाने.

मी म्हटलं, बाबा, हे उलटं आहे.
इथं आकडा आधी येतो, नाव मागून.
"अन् नाव कोन ठेवते?"
मी.
"तू?"
ते उठून बसले. चष्मा शोधला.

खेळ चालवला. संत्रं, कुलर, कुलर.
बंद करून पुन्हा चालवला. संत्रं, कुलर, कुलर.
तिसऱ्यांदा मी एंटर दाबायच्या आधीच
ते पुटपुटले, "संत्रं. कुलर. कुलर."
आणि तसंच आलं.
"पोट्टे, तुहा आकडा फुटेल हाये."

सरांनी वर्गात सांगितलं होतं, मीच विसरले होते:
मशीनला सुरुवात दिली नाही
तर ते रोज त्याच दारातून निघतं,
त्याच वळणांनी जातं,
आणि आपल्याला वाटतं, नशीब.
मी एक ओळ वाढवली. मशीनला घड्याळ दाखवलं.
"वेळ पायते थे?"
सेकंद पाहते.
"मंग ठीक हाये." जणू त्यांना कुणी
उशिरा का होईना, हिशोब दाखवला होता.

संत्रं, रेल्वे, घुबड.
घुबड, घुबड, संत्रं.
कुलर, मग काहीच नाही, मग रेल्वे.

"मधलं घर खाली कायले?"
तीन आला, बाबा. तीनला नाव नाही.
त्या रिकाम्या जागेकडे ते पाहत राहिले.
पाण्याची मोटर बंद झाली, कुणीतरी गच्चीवर खाट ओढली,
तरी पाहतच होते.
मग म्हणाले, "धोटा लिव."

लिहिलं. डी, एच, ओ, टी, ए.
त्यांनी पडद्यावर बोट टेकवून एकेक अक्षर लावलं,
बोटाखाली काच ओली झाली.

रेल्वे, संत्रं, घुबड.
कुलर, कुलर, संत्रं.
पाच वेळा. नऊ वेळा. तीन काही येईना.
इतवारी स्टेशनाकडून खऱ्या गाडीची शिट्टी आली.
बाबांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला,
तिथे आता चष्म्याची डबी असते.

"येईल," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला.
मी एंटरवर बोट ठेवून
तो पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत बसले.