हजेरी

ऑस्त्रावात ट्राम जिथे वळसा घालून परत फिरते
तिथे तळघरात माझं दुकान. पाच पायऱ्या, उभ्या.
हाव्लास त्या पाठमोरे उतरले, शिडीवरून उतरावं तसे,
टोपी काढली आणि म्हणाले,
"भांडत नाहीत असे मासे द्या."

टाकी केवढी?
त्यांनी हात फाकवले, मग थोडे जवळ आणले,
खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे.
साठ लिटर.

पट्टेवाल्या बार्बपाशी ते रेंगाळले.
देखणे आहेत, म्हटलं, पण दुसऱ्याची शेपटी कुरतडतात.
एंजल?
आज नाण्याएवढा दिसतोय, वर्षभरात बशीएवढा होईल,
आणि ज्याच्या तोंडात जो मावला, तो त्याचा घास.
त्यात त्याचा दोष नाही. तोंडाचं माप आहे ते.
"आमचा एक मुकादम होता," एवढंच म्हणाले.

शेवटी बोट थांबलं ते एम्बर टेट्रांवर.
नखाएवढे जीव, विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचे.
चाळीस वर्षं कोळसा काढलेला माणूस
काचेला नाक लावून उभा.
"हे."
मी म्हटलं, आज नाही.

आज वाळू न्या, लाकडाचा एक तुकडा, मूठभर जावा मॉस,
आणि पाणी मुरू द्या.
पिंपात कोबी आंबते ना, तसंच.
वरून काही दिसत नाही, आत मात्र कामकरी जमत असतात.

मग दर गुरुवारी ते मुरंब्याच्या बाटलीत पाणी घेऊन येत.
मी थेंब टाके, नळी उजेडात धरे.
हिरवं.
अजून हिरवं.
तिसऱ्या खेपेला विचारलं, रिकामी टाकी बघून कंटाळा नाही येत?
"रिकामी कुठे? एक गोगलगाय निघालीय,
तुमच्या शेवाळाबरोबर आली असणार.
काचेवरून वर चढते, अख्खी संध्याकाळ घालवते त्यात.
वर पोचली की अंग सोडून देते.
मग पुन्हा खालून."

पाचव्या गुरुवारी नळीत पिवळा रंग उतरला.
"दोन द्या."
आठ घ्यावे लागतील.
"एकट्या माणसाला आठ कशाला?"
तुम्हाला नकोत, त्यांना हवेत.
दोनच असले की कोपऱ्यात दडतात, रंग उडतो त्यांचा.
आठ असले की भीती वाटली जाते,
वाट्याला फारशी उरत नाही कुणाच्या.

त्यांनी सुटे पैसे दोनदा मोजले.
पिशवी कोटाच्या आत घेतली, बनियनला चिकटवून.
बाहेर उणे नऊ होतं.
दारातून मी ओरडून सांगत राहिले:
पिशवी आधी तरंगू द्या! लगेच ओतू नका!
खाणं चिमटीने नाही, चिमटीच्याही टोकाने!

फेब्रुवारीत एकदा, शटर वर करायच्या आधीच
ते पायरीवर बसलेले दिसले. दाढी वाढलेली.
"काल रात्री सात भरले."

खाणीत, त्यांनी सांगितलं, पाळी सुटली की
प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला आपापल्या खिळ्याला अडकवायचा.
एक खिळा उघडा दिसला
तर बाकीच्यांनी अंघोळ करायची नाही, घरी जायचं नाही.
बाकावर बसायचं.
"मग बसलो खुर्चीत. दिवा मालवला, तेही झोपतात ना.
अंधारात नुसता फिल्टर ऐकत होतो."

मी काही बोलणार, तोच म्हणाले,
"पहाटे आठ. फिल्टरच्या मागून आला बाहेर,
जसं काही झालंच नाही."

तेवढंच सांगायला दोन ट्राम बदलून आले होते.
तो खिळा भरला का, मी विचारलं नाही.
कॉफी दिली. त्यांनी साखर नको म्हटलं आणि तीन चमचे घातली.

जाताना पायरीवर थांबले.
"गोगलगायी चौदा झाल्यात. त्या मोजायच्या का?"
त्या मोजत नसतात कुणी, म्हटलं.
"बरं," म्हणाले,
"पण चौदा आहेत."