स्वल्पविरामाने विभक्त

चष्म्याच्या घरासारखं उघडणारं हे यंत्र
ग्रिम्स्बीला आलो त्या वर्षी घेतलं.
दोन पेन्सिल सेल, आणि मागे एक नाण्याएवढा,
ते दोन बदलेपर्यंत आठवण धरून ठेवायला.
बिजागरी आता गेली. रबरबँड लावून मिटतो.

आज आतली नावं बाहेर काढायची.
यंत्र विचारतं, दोन रकान्यांमध्ये काय घालू?
मी म्हटलं, स्वल्पविराम.
शाळेत शिकवलं होतं, तिथे किंचित थांबायचं,
श्वास घ्यायचा, पुढे जायचं.
यंत्र तिथे थांबत नाही.
तोडतं.

म्हणून नव्या फोनमध्ये
निरुपमा गोडबोल्यांचा पत्ता चार घरी गेला :
'मारुतीच्या देवळामागे' हे आडनाव झालं,
'दुसरा मजला' ही कंपनी,
आणि सातारा फॅक्सच्या रकान्यात
गप्प बसून आहे.

तारखांचंही तेच. फोन अमेरिकन रीतीचा,
महिना आधी, दिवस मागून.
पाच मार्चची मोरीन तीन मेला जन्मली.
बावीस जूनचा सुधन्वा तेवढा वाचला,
बाविसावा महिना कुठे सापडेना म्हणून.

एकोणीस वर्षं भूल दिली मी इथल्या इस्पितळात.
ट्रॉलरवरची माणसं, हाताला डिझेलचा वास,
उलटे आकडे मोजायला सांगायचो,
दहा, नऊ, आठ,
साताच्या पुढे सहसा कोणी गेलं नाही.
जागं झाल्यावर पहिल्यांदा नाव विचारायचं.
नाव बरोबर आलं
की समजायचं, माणूस सगळा आला.

स्टॅन ब्लँचर्ड. नाव बरोबर आलंय.
फोन बरोबर. पत्ता, नशिबाने, एका ओळीचा.
खाली माझी टीप, रोमन अक्षरांत कोंबलेलं मराठी,
कारण यंत्राला दुसरी लिपी येत नव्हती :
'चहा बिनसाखरेचा. गुडघ्याची चौकशी करणे.
कुत्रीचं नाव पर्ल.
विचारायचं नाही की मुलगा'

इथे संपलं. दोनशे पंचावन्न अक्षरं,
त्यापुढचं नवीन घरात मावत नाही म्हणे.

रबरबँड काढला. जुन्या हिरवट पडद्यावर
ते वाक्य पुरं होतं.
उभ्याउभ्या वाचलं.
नव्यात घातलं नाही.
तुटलं होतं तिथे फक्त
एक स्वल्पविराम दिला, शाळेतला,

आणि मोरीनला तिचा मार्च परत करायला बसलो.